पंचनाम्यात निरंक

‘पुरापुढं गरीब-श्रीमंत सगळे सारखेच’ हे वाक्य २०२१ च्या जुलैनंतर महाडात कानी पडलं नाही असा दिवस गेला नसेल. व्यासपीठावरून ऐकलं, मदतीच्या टेम्पोवर बांधलेल्या फलकावर वाचलं, तहसील कचेरीबाहेरच्या चहाच्या टपरीवरही ऐकलं. खरं तर हे वाक्य बोलताना महाडात तरी जीभ अडखळायला हवी. पाणी सगळ्यांचं असतं एवढी साधी गोष्ट मान्य करून घ्यायला १९२७ च्या २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना याच गावात चवदार तळ्यावर यावं लागलं होतं. पाण्याला जात नसेल. काठावर कुणी राहायचं आणि उंचावर कुणी, हे मात्र पाणी ठरवत नाही.

माझी नोकरी कृषी सहायकाची, महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांत काढलेली. शेतीचं नुकसान झालं की तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक या तिघांनी बांधावर जाऊन पंचनामा करायचा, अशी पद्धत आहे. तलाठी गावाचे भाऊसाहेब, मी ‘शेतीवाले साहेब’. त्या वर्षी माणसं कमी पडली, तेव्हा घरं, गोठे, टपऱ्या असे माझ्या खात्याबाहेरचे कागदही हातात आले. त्या कागदांनी मला एक गोष्ट शिकवली. पंचनामा नुकसानीचा असतो असं आपण म्हणतो, पण लिहिली जाते ती मालकी. ज्याच्या नावावर काही होतं, त्याचं काही गेलं. ज्याच्या नावावर काहीच नव्हतं, त्याचं काहीच गेलं नाही. त्याच्या रकान्यात आम्ही ‘निरंक’ लिहितो.

आधी पाण्याचं सांगतो. सावित्री महाबळेश्वरला उगम पावते, घाट उतरून पोलादपूरमार्गे महाडला येते. तिथं तिला गांधारी मिळते, काळ नदीचंही पाणी येतं, आणि मग ती बाणकोटच्या खाडीकडं जाते. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. तो सगळा याच वाटेनं खाली आला. समुद्राला भरती असली की खाडी पाणी घेत नाही, ते महाडातच तुंबतं. शिवाय महाडकर नदीतल्या गाळाच्या जुट्यांकडं, म्हणजे बेटांकडं, आणि दासगावजवळच्या रेल्वेच्या भरावाकडं बोट दाखवतात. त्यात तथ्य किती यावर इंजिनिअर लोकांनी भांडावं. सावित्रीची महाडची धोक्याची पातळी साडेसहा मीटर, आणि ती ओलांडली की बाजारपेठेत पाणी येणार हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

पूर महाडला नवा नाही. भोंगा झाला की दुकानदार माल पोटमाळ्यावर चढवायला घेतो. किती फूट चढवायचा याचा त्याचा एक अंदाज असतो, वडिलांकडून आलेला, २००५ च्या पुरानंतर दुरुस्त केलेला. २०२१ ला तो अंदाजच बुडाला. पण माल चढवायलाही पोटमाळा लागतो, चढवायला पोरं लागतात, आणि हे सगळं होईपर्यंत स्वतःचं घर वरच्या मजल्यावर सुरक्षित असावं लागतं. जुन्या पेठेत खाली दुकान, वर घर असणाऱ्यांचा माल गेला, संसार राहिला. नदीकडच्या अंगाला भाड्याच्या तळमजल्यावर राहणाऱ्यांचा माल असा काही नव्हताच. गेला तो संसार.

नव्या इमारतींत तर एकाच छपराखाली दोन पूर झाले. एका इमारतीच्या पंचनाम्याला गेलो होतो. खाली खांबांवरचं पार्किंग. गाड्या चिखलात एकमेकींवर चढलेल्या. दुसऱ्या मजल्यावर लोकांचे हाल झाले, दोन दिवस वीज नाही, पाणी नाही, मोबाईलला रेंज नाही, पण घरातली चादरसुद्धा ओली झाली नव्हती. पार्किंगच्या कोपऱ्यात पत्रे ठोकून केलेली एक खोली होती, तिथं राखणदार बायको-पोरांसह राहायचा. पाणी आलं तसे चौघे जिन्यावर चढले, तेवढं वाचलं. तिथल्या चिखलातून त्याची बायको एक एक भांडं उकरून काढत होती. कढईत चिखल, डब्यात चिखल, पोराच्या शाळेच्या पिशवीत चिखल. मी घरमालकाचं नाव विचारलं. तो म्हणाला, ‘सोसायटी.’ रेशनकार्ड? ‘गावाला.’ गाव नांदेडकडचं. गाडीवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी विमा कंपनीला फोन लावले होते. सर्व्हेअर आला तेव्हा या राखणदारानंच त्याला कुठली गाडी कुणाची ते दाखवलं.

शासनानं त्या ऑगस्टमध्ये मदत नेहमीच्या निकषांपेक्षा वाढवून दिली, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पाणी शिरलेल्या घराला कपडे आणि भांड्यांसाठी मिळून १० हजार. पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख. दुकानदाराला नुकसानीच्या ७५ टक्के, पण ५० हजारांच्या आत. टपरीवाल्याला १० हजारांपर्यंत. कागदावर हे वाईट नाही. पण त्याखाली अटी होत्या. दुकानदार असो वा टपरीवाला, तो स्थानिक रहिवासी हवा, मतदार यादीत नाव हवं, रेशनकार्ड हवं. बाजारात पाणीपुरीची गाडी लावणारा एक उत्तर प्रदेशचा माणूस होता, इतकी वर्षं इथं की मराठीत भांडायचा. त्याची गाडी वाहून थेट नदीत गेली. मत गावाकडं, कार्ड गावाकडं. त्याला १० हजारांतले शून्य रुपये मिळाले. पेठेतल्याच एका कापड दुकानदारानं त्याला नवी गाडी करायला पैसे दिले, व्याज न लावता, हेही मी पाहिलं आहे.

त्या कापडवाल्याचंही ऐकून घ्यायला हवं. व्यापारी म्हटला की खूप असेल असं आपण धरून चालतो. सप्टेंबरच्या १० तारखेला गणपती होते. सणाचा माल त्यानं मुंबईहून उधारीवर भरून ठेवला होता, त्याआधी कोरोनात दोन हंगाम बुडाले होते. भिजलेल्या ताग्यांचे ढीग रस्त्यावर पडले होते आणि लाखांच्या नुकसानीपुढं ५० हजार ही रक्कम त्याला अपमानासारखी वाटली. मदतीच्या किटच्या रांगेत तो उभा राहिला नाही. घरात तांदूळ नव्हता तरी नाही. वहिनींनी शेजारणीकडून मागून आणला, तोही मागच्या दारानं. तरीपण त्याच्याकडं जीएसटीचे कागद होते, बँकेत कॅश क्रेडिट होतं, मॅनेजर त्याला नावानं ओळखत होता. हप्ते पुढं ढकलले गेले. वर्ष-दीड वर्षात दुकान पुन्हा उभं राहिलं. त्याच्या दुकानातला पोरगा मात्र महिना-दीड महिना बिनपगारी बसला आणि मग बिरवाडीच्या बाजूला एमआयडीसीत ठेकेदाराकडं लागला. बुडालेली मजुरी लिहायला आमच्या कुठल्याच नमुन्यात जागा नसते. एमआयडीसीतल्या ठेकेदारांच्या माणसांचंही तेच. कारखान्याच्या नुकसानीचा अंदाज कोटींत आला, खोल्यांत राहणारे कामगार हिशेबातच नव्हते.

शहरात गरीब खालच्या अंगाला असतो, डोंगरात तो वर असतो. पोलादपूरच्या खोऱ्यांत सपाट भातखाचरं नदीच्या बाजूला, आणि वाड्या उतारावर चढत गेलेल्या. सपाटी भातासाठी राखायची आणि घर वरकस जमिनीवर बांधायचं, हा जुना शहाणपणाच होता. उतार कापून रस्ता गेला, झाडी कमी झाली, आणि तो शहाणपणा अंगावर आला. २२ जुलैच्या दुपारी चार-साडेचारच्या सुमाराला महाड तालुक्यातल्या तळिये गावची कोंडाळकरवाडी डोंगराखाली गेली. ८४ माणसं. ५३ जणांचे मृतदेह मिळाले. उरलेल्या ३१ जणांचा शोध पुढं थांबवला आणि त्यांना मृत घोषित केलं. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात साखर-सुतारवाडी आणि केवनाळे इथंही दरडी आल्या, तिथं ११ जण गेले.

या दोन आकड्यांतलं अंतर मदतीतही दिसलं. तळियेत मुख्यमंत्री आले, राज्यपाल आले, कॅमेरे आले. ते यायलाच हवे होते. पण सुतारवाडीचा रस्ता तुटलेला, आंबेनळी घाट बंद. पुण्या-मुंबईहून निघालेले मदतीचे टेम्पो महामार्गावर महाडला थांबत आणि तिथंच रिकामे होत. एका बाजूला महामार्गालगतच्या घरांत बिस्किटांचे पुडे थप्पीला, दुसरीकडं वरच्या वाडीत चूल पेटवायला कोरडी काडी नाही. जुन्या कपड्यांचे ढीग तर असे पडले की आमच्या शिपायानं चिडून विचारलं, या साड्यांचाही पंचनामा करायचा का? वाडीवरच्या बायका ते कपडे घ्यायला खाली उतरल्याच नाहीत. लावणीचे दिवस होते. जे आवण वाचलं होतं ते खाचरात लावायचं की रांगेत उभं राहायचं, हा प्रश्न त्यांना पडलाच नाही.

शेतीचा पंचनामा हे माझं खरं काम, आणि मालकी म्हणजे काय ते इथंच नीट कळतं. तेव्हाचा निकष कोरडवाहू पिकाला हेक्टरी ६,८०० रुपये, नुकसान ३३ टक्क्यांहून जास्त असेल तर. तीन इंचांपेक्षा जास्त गाळ साचला तर तो काढायला हेक्टरी १२,२००. जमीनच खरडून गेली तर अल्पभूधारकाला हेक्टरी ३७,५००. पुढं ऑक्टोबरात राज्यानं पिकाचा दर १० हजार केला. विदर्भ-मराठवाड्यात हेक्टरची भाषा चालते. आमच्याकडं माणसाची शेती गुंठ्यांत असते. पाच गुंठ्यांच्या खाचराचे, ६,८०० च्या दरानं, ३४० रुपये होतात. निदान हजार तरी द्यावेत अशी तरतूद आहे म्हणून हजार. त्या पाच गुंठ्यांत नदीनं आणून टाकलेला एकेक धोंडा असा की हलवायला जेसीबी लागावा, आणि जेसीबीचं भाडं तासावर.

हे हजार तरी कुणाच्या खात्यात जमा करायचे? सातबारा पणजोबाच्या नावे. वारस दहा, त्यातले आठ मुंबईत, एक सुरतला. कसणारा एकटा गावात. पैसे हवेत तर बाकीच्यांची संमतिपत्रं हवीत. संमती मागितली की मुंबईच्या भावाला पहिल्यांदाच आठवतं की आपली गावाला जमीन आहे. मी असे भाऊ पाहिलेत ज्यांनी हजार रुपयांत वाटा मागितला. आणि असेही पाहिलेत ज्यांनी तिकडं चाळीत वर्गणी काढून पत्रे, सिमेंट, तांदूळ भरून टेम्पो पाठवला. ज्या घरातलं कुणी मुंबईला चांगल्या नोकरीत होतं, त्या घरावर पंधरा दिवसांत छप्पर आलं. ज्याचं मुंबईत कुणी नाही किंवा जो कोरोनात काम सुटून नुकताच गावी परतला होता, त्याच्या घरावर गणपतीपर्यंत ताडपत्री. दुसऱ्याचं शेत अर्धेलीनं करणाऱ्याचं तर विचारूच नका. बियाणं त्याचं, घाम त्याचा, सातबारा दुसऱ्याचा. मालकाला मदत मिळाली, अर्धेलीवाल्याला निरंक.

एका म्हातारीचा पंचनामा माझ्या चांगला लक्षात आहे. पोलादपूरच्या वरच्या अंगाला तिचा गोठा ओढ्यालगत होता. म्हैस वाहून गेली. दुधाळ जनावराला तेव्हा ४० हजार मिळायचे. पण मेलेल्या जनावराचं शव हवं, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला हवा. वाहून गेलेल्या म्हशीचं शव ती आणणार कुठून? गोठ्यात खुंटा होता, दाव्याचा तुटका तुकडा होता, आणि शेणाचा पो तसाच पडला होता. ती म्हणाली, ‘साहेब, ह्ये शेण काय माझं हाय का?’ भाऊसाहेबांना हसू आवरेना, तिलाही मग हसू आलं. सरपंचाचा दाखला, दोन पंच, शेजाऱ्यांचे जबाब असं सगळं जोडून प्रकरण पाठवलं. ते परत आलं. शेवटी तिच्या कामी आला तो म्हशीच्या कानातला पिवळा बिल्ला. लसीकरणाच्या वेळी मारलेला, बारा आकडी नंबरचा, त्याची नोंद दवाखान्यात होती. म्हैस होती हे त्या नोंदीवरून सिद्ध झालं. तिच्या दिराचीही म्हैस त्याच रात्री गेली. त्यानं लस टोचली की दूध आटतं म्हणून जनावर रानात लपवून ठेवलं होतं. बिल्ला नाही, नोंद नाही. गावानं शपथेवर सांगितलं तरी त्याची म्हैस सरकार दरबारी जन्मलीच नाही.

शेळीला तेव्हा ४ हजार. कोंबडीला ५० रुपये. कातकरी वाडीवर बहुतेकांकडं एवढंच असतं. घर गावठाणाबाहेर, कुणाच्या तरी मालकीत नाहीतर वनखात्याच्या जागेत. ग्रामपंचायतीच्या नमुना आठला नोंद नाही, घरपट्टी नाही. कुडाची भिंत आणि वर गवत किंवा प्लास्टिक. झोपडीला १५ हजार मिळायचे, पण झोपडी होती हे दाखवणारा कागद नको का? त्यात एका रेशनकार्डावर तीन चुली. म्हातारा, त्याचे दोन लग्न झालेले पोरगे, तिघांचे संसार वेगळे, भांडी वेगळी, पण कार्ड म्हाताऱ्याच्या नावे. १० हजार एकदाच. पोरगे आमच्याशी वाद घालत नव्हते. ते एवढंच म्हणाले की यंदा शेट लवकर येईल. वीटभट्टीवाला, नेहमी दिवाळीनंतर उचल वाटायला येणारा. त्या वर्षी तो श्रावणातच आला. घर उभं करायला, भांडी घ्यायला, तांदूळ भरायला उचल घेतली गेली, नेहमीपेक्षा मोठी. ती फेडायला पुढचा सगळा उन्हाळा भट्टीवर, पोरंही बरोबर. शाळेच्या हजेरीत ती गैरहजर दिसतात. त्या गैरहजेरीचा सावित्रीच्या पुराशी संबंध कुणी जोडत नाही.

मृतांच्या वारसांना ५ लाख, राज्याकडून. तिथंही आधी वारस ठरवावा लागतो. तळियेसारख्या ठिकाणी कुणाकुणाचं सगळं घरच गेलेलं, मागं उरलेली लग्न होऊन दूर गेलेली लेक, नाहीतर मुंबईला नोकरीत असलेला चुलता. ज्याला कचेरीची भाषा येत होती, त्याचे कागद आधी सरकले. पुनर्वसन म्हणून लोक आधी कंटेनरच्या घरांत गेले, म्हाडाची पक्की घरं नंतर. तरी तळियेकडं सगळ्यांचं लक्ष होतं. २००५ च्या जुलैमध्ये याच तालुक्यात दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते इथं दरडी कोसळल्या होत्या. तात्पुरत्या म्हणून दिलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये दासगावातल्या काही कुटुंबांनी पंधराहून अधिक पावसाळे काढले. ज्यांना जमलं त्यांनी मधल्या काळात कर्ज काढून दुसरीकडं घर बांधलं. शेडमध्ये उरले ते ज्यांना कुणी कर्ज देत नाही.

आता दर जूनला दरडप्रवण वाड्यांना नोटिसा जातात. अतिवृष्टीचा इशारा मिळाल्यास सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करावं, न केल्यास होणाऱ्या नुकसानीस आपण जबाबदार राहाल. भाषा ठरलेली, पोच घ्यायची पद्धत ठरलेली. ज्यांचं महाडात एखादं भाड्याचं घर आहे किंवा मुंबईला मुलगा आहे, ते पावसाळ्यात सरळ तिकडं जातात, नोटीस मिळायच्या आधीच. बाकीच्यांसाठी शाळा किंवा समाजमंदिर. माणसं एक-दोन रात्री जातातही. गोठ्यातली जनावरं मागं राहतात म्हणून घरातला एक जण, बहुधा म्हातारा नाहीतर बाई, मागं थांबतो. एका वाडीवर नोटीस द्यायला ग्रामसेवकाबरोबर गेलो होतो. एका काकींनी अंगठा उठवला आणि म्हणाल्या, ‘आमी जातू सालंत. म्हशी कुटं बांधू त्ये बी लिवा की खाली.’ नोटिशीत तसा रकाना नव्हता. पण ग्रामसेवक भला माणूस, त्यानं ग्रामसभेत विषय घेतला. शाळेच्या आवारात जनावरं नकोत असं मुख्याध्यापकांचं म्हणणं पडलं, आणि तेही चूक नव्हतं. मग वाडीच्या मुंबईतल्या मंडळानं पत्रे पाठवले आणि शाळेखालच्या मोकळ्या जागेत एक कच्ची शेड उभी राहिली. शेडमध्ये आठ जनावरं मावतात, वाडीत आहेत सव्वीस, शेळ्या वेगळ्या. ज्यांनी पत्र्याची वर्गणी दिली त्यांची जनावरं आधी, असं मंडळाचं म्हणणं. ज्यांच्याकडं एकच म्हैस आहे त्यांची आधी, असं काकींचं. यंदाच्या जूनमध्येही त्यावर दोन बैठका झाल्या, दुसऱ्या बैठकीत आवाज चढले, आणि इतिवृत्तात ‘विषय पुढील सभेत घेण्यात यावा’ असं लिहून ती उठली.